एक तारा दिला होता, तो मागे घेतो

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी याच पीएच मीटरला एक तारा दिला होता. 'रीडिंग चुकीचं दाखवतो, पैसे पाण्यात' असं लिहिलं होतं आणि त्या 'पाण्यात'वर स्वतःच खूश झालो होतो. रिव्ह्यू गुपचूप काढून टाकता आला असता. पण चौदा जणांनी त्याला 'उपयुक्त' म्हटलेलं दिसलं. माझं वाचून त्यातल्या कुणी हा मीटर घ्यायचा टाळला असेल, तर चूक माझी होती. म्हणून हा दुसरा रिव्ह्यू. लांबला आहे. घाई असेल त्यांच्यासाठी: मीटर चांगला आहे, चार तारे, घ्या.

वस्तू म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी भिंतीला टांगायचा पीएच मीटर, पाणी किती आंबट ते सांगणारा: आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबटाकडे. पांढरी डबी, निळा डिस्प्ले, काचेच्या टोकाचा प्रोब, सोबत अडॅप्टर आणि ७ व १० च्या बफरच्या, म्हणजे मीटर ताडून बघायच्या ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या, दोन-दोन पुड्या. घरपोच ३,६५० रुपये पडले. माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. ते मला लागलं नाही, कारण पीएच हे माझं रोजचं काम. एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत मी एकवीस वर्षं टेक्निशियन आहे. पुढे जो मूर्खपणा झाला, तो याच एकवीस वर्षांच्या जोरावर झाला.

राहतो लालबागला. दहा बाय अठराचा हॉल, आत स्वयंपाकघर, बाहेर गॅलरी. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी तीन फुटांचा टँक आहे, सगळं धरून १८० लिटर. हे वेड शाळेच्या सहलीतलं. तारापोरवाला मत्स्यालयात आम्हाला नेलं होतं, मरीन ड्राइव्हचं, १९५१ सालचं. बाकीची पोरं बाहेर भेळेच्या मागे लागली तरी मी एका काचेपुढून हललो नव्हतो. टँकमध्ये दोन क्लाऊन मासे आहेत, पक्या आणि चिंगी. दोघांतला मोठा पक्या. या माशांत जोडीतला मोठा असतो तो मादी होतो, त्यामुळे पक्या आता बाई आहे. नाव बदललं नाही, आईला सवय झाली आहे.

टँकमध्ये पोवळं, म्हणजे प्रवाळ किंवा कोरल, नाही, हे आधीच सांगतो, कारण मागच्या रिव्ह्यूखाली तिघांनी 'कोरल कुठून घेतलं' असं विचारलं होतं. समुद्रात प्रवाळभित्ती बांधणारी सगळी दगडी पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. विकणं, विकत घेणं, समुद्रातून उचलून आणणं, सगळा गुन्हा. कुठल्याही गल्लीत कुणी 'साहेब, आतून आणून देतो' म्हणाला, तर तिथून निघा.

माझ्याकडे आहे तो खडकांवर आणि मागच्या काचेवर चढलेला गुलाबी थर. दुकानदार त्याला नुसतं 'कोरलाईन' म्हणतात. ती एक जातीची समुद्री वनस्पती आहे, पण अंगात चुना साठवते. खऱ्या प्रवाळभित्तीवर पोवळी विटा रचतात आणि सांध्यांत सिमेंट भरायचं काम हा गुलाबी थर करतो. त्याचा चुना मॅग्नेशियम मिसळलेला, म्हणून पोवळ्याच्या चुन्यापेक्षाही लवकर विरघळणारा. पाणी जरा आंबट झालं की पहिली ओरड याची. तीन वर्षं माझा थर मस्त पसरत होता. पाहुणे मासे बघायचे, मी काच बघायचो.

मग आमच्याकडे एसी आला.

मुलगी दहावीत जाणार, क्लासची व्हेकेशन बॅच एप्रिलपासून, आणि घरात पत्रा तापल्यासारखा उकाडा. हप्त्यावर एक टनाचा एसी घेतला. खरं सांगायचं तर मुलीच्या अभ्यासाच्या नावाखाली मी टँकचाही विचार केला होता. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर जायचं. टँकवर पंखा लावून, बर्फाच्या बाटल्या सोडून मी ते २९ वर आणायचो. एसी आल्यावर दुसऱ्याच दिवशी २७ अंश. बायको म्हणाली, "अहो, माशांनी हप्ता भरला असता तरी परवडला असता." थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटींना मी टेप मारली, दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावली. रात्री चौघंही हॉलमध्येच. आई पलंगावर, आम्ही तिघं खाली.

तीन आठवड्यांत गुलाबी थराच्या कडा पांढऱ्या पडल्या. गोगलगायींच्या शंखांच्या टोकांवर खडबडीत खड्डे दिसायला लागले. पाणी तपासलं. क्षार बरोबर, कॅल्शियम बरोबर, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवणारा पाण्यातला मुख्यतः बायकार्बोनेटचा साठा, ८.३ डीकेएच, समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित जास्तच. रंग बदलणाऱ्या थेंबांच्या किटवर पीएच '७.८ किंवा ८.० किंवा त्याच्या मधलं काहीतरी' दिसत होता. त्या हिरव्या छटा डोळ्यांना वेगळ्या कळेनात, म्हणून हा मीटर मागवला.

पहिल्या सकाळी सहाला मीटर म्हणाला ७.७२, समुद्राच्या ८.१ पेक्षा बराच खाली.

माझा विश्वास बसला नाही. कॅलिब्रेट केलं. पुन्हा ७.७२. पुड्यांवर संशय म्हणून स्वतःच्या पैशाने वेगळे बफर आणले. ७ च्या बफरमध्ये ७.००, १० च्या बफरमध्ये १०.०१, चोख. टँकमध्ये टाकला की ७.७३. संध्याकाळी ७.९, पहाटे परत खाली. मी ठरवून टाकलं की खाऱ्या पाण्यात याचा प्रोब गडबडतो. एक तारा दिला आणि विक्रेत्याला फोन लावला.

फोनवर कोवळ्या आवाजाचा मुलगा होता. शांतपणे विचारलं, "सर, अल्कलिनिटी किती? एसी लावता का?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सर, दोन दिवस खिडकी उघडी ठेवून बघा ना." मी त्याला जे बोललो ते इथे अर्धंच लिहितो: "मी एकवीस वर्षं पॅथॉलॉजीत आहे, मला पीएच शिकवू नकोस." तो म्हणाला, "सर, रिटर्न हवा असेल तर पाठवतो माणूस." मी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात आई रोज सकाळी म्हणायची, डोकं जड होतंय रे, आत कोंडल्यासारखं वाटतं, ती चादर काढ. मी म्हणायचो, आई, बिल वाढेल.

उलगडा ड्यूटीवर झाला. एका दम्याच्या पेशंटचा एबीजी आला, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू तपासतात तो रिपोर्ट. पीएच ७.२८, बायकार्बोनेट ठीक, कार्बन डायऑक्साइड भरपूर वर. हा रिपोर्ट मी शेकडो वेळा हातात घेतला असेल. बायकार्बोनेट जागेवर आहे आणि पीएच पडला आहे, म्हणजे दोष रक्तात नाही, श्वासात आहे. पेशंटला हवा बाहेर टाकता येत नाहीये. कागद हातात धरून मी तसाच उभा राहिलो. अल्कलिनिटी ८.३, पीएच ७.७२. तोच रिपोर्ट माझ्या घरी रोज सकाळी भिंतीवर टांगलेला होता आणि मी मशीनला शिव्या घालत होतो.

रक्त काय आणि समुद्र काय, दोघांचा तोल सांभाळणारी यंत्रणा एकच, बायकार्बोनेटची. पाण्याच्या वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तो पाण्यात उतरतो, त्याचं कार्बोनिक ॲसिड होतं. टँकवर फेस काढणारं जे यंत्र असतं, ज्याला आम्ही स्किमर म्हणतो, ते तर दिवसभर खोलीतलीच हवा पाण्यात घुसळतं. चार माणसांचे उच्छ्वास टेप मारलेल्या खोलीत. मला वाटत होतं मी टँकला एसीत ठेवलंय.

घरी येऊन खात्री केली. टँकचं भांडंभर पाणी गॅलरीत नेलं, त्यात एअर पंपाचा दगड सोडला, तासभर बुडबुडे. मीटर त्यात बुडवला. ७.८१ पासून चढत चढत ८.१५. तेच पाणी, तोच मीटर, फक्त हवा लालबागची. आणि लालबागची हवा काही महाबळेश्वरची नव्हे.

इथे एक उपसूचना. आकडा पाहायचा म्हणून मी कार्बन डायऑक्साइड मीटरही घेतला आणि आधी फसलो. १,४०० रुपयांवाला वायू खरोखर मोजतच नाही, हवेतल्या वासांवरून अंदाज बांधतो. उदबत्ती लावली की १,८०० (हवेच्या दशलक्ष भागांत इतके भाग), मोहरीची फोडणी पडली की ५,००० आणि अलार्म. आई त्याला 'नाकवाला' म्हणायची. घ्यायचाच असेल तर इन्फ्रारेड सेन्सरवाला घ्या. मला ४,२०० ला मिळाला. तोही आठवड्यातून एकदा तासभर गॅलरीत ठेवावा लागतो. आठवड्यातलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे बाहेरची हवा असं तो धरून चालतो, आणि कायम कोंडलेल्या खोलीत ठेवला तर हळूहळू खोटं बोलायला लागतो. पहिल्या रात्री लावून झोपलो. पहाटे पाचला २,३४०. गॅलरीत ४६०. आईला दाखवला. ती म्हणाली, "एवढ्याला घेतलंस? मी फुकट सांगत होते."

आता मुलीची गोष्ट, कारण मला खरं तिनेच समजावलं. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे आपण सगळे पाठ करून पास झालो. तिने चुनखडी-बायकार्बोनेट असं काहीतरी वाचून मला विचारलं होतं, म्हणून मी शुद्ध चुना आणला (आधी पानाच्या टपरीवरचा आणला होता, त्यात तेल निघालं), निवळी केली, पातळ केली. तिने स्ट्रॉ घालून फुंकलं. दूध झालं. मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, थांब ना बाबा, आणि फुंकतच राहिली. गाल दुखायला लागले, दहा-बारा मिनिटं झाली असतील, आणि दूध फिकं व्हायला लागलं. मग ग्लास पुन्हा नितळ. "बाबा, खडू गेला कुठे?"

पहिल्या फुंकरीने जो पांढरा खडू बनतो तोच पोवळ्याचा सांगाडा, तोच शंख, तीच माझ्या काचेवरची गुलाबी साय. तो कॅल्शियम कार्बोनेट. आणि फुंकत राहिलं की जादा कार्बन डायऑक्साइड त्याच कार्बोनेटला धरून बायकार्बोनेट करून टाकतो आणि तो पाण्यात विरून जातो. आम्हाला शाळेत पहिल्याच फुंकरीला मार्क मिळायचे. दुसऱ्या अर्ध्यापर्यंत कुणी फुंकलंच नाही.

त्या रात्री मी बसून वाचलं. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत हा वायू दशलक्षात २८० भाग होता. हवाईच्या माउना लोआवर १९५८ पासून मोजतात, तेव्हा ३१५ च्या आसपास होता, २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर. आपण जो सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ म्हणजे चिल्लर वाटते. पण पीएचचं माप सरळ पट्टीचं नाही. ०.१ ने उतरला म्हणजे आम्लता पाव पटीहून जास्त वाढली. रक्तात ७.४ चं ७.२ झालं तर आम्ही रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, वॉर्डला फोन करतो.

याचा अर्थ पोवळी आज समुद्रात साखरेसारखी विरघळताहेत असा नाही. मुलीलाही तसंच वाटलं होतं. समुद्राचं पाणी अजून खारट आणि अल्कलीच आहे. होतं काय, की पाण्यातला मोकळा कार्बोनेट कमी होतो आणि पोवळ्याला तेवढीच वीट रचायला जास्त ताकद लागते. रेती-सिमेंट महाग झालं की आमच्या बिल्डिंगचं रिपेअर कसं रखडतं, तसं. तिकडे लाटा आहेत, चुना कुरतडणारे मासे आहेत, खडकात भोकं पाडणारे स्पंज आहेत. त्यांचं काम रखडत नाही. भित्ती म्हणजे या दोघांचा जमाखर्च आहे.

माझ्या ७.८ चं समुद्रात काय होतं, हेही सापडलं. पापुआ न्यू गिनीत मिल्ने बेमध्ये समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी वर येतो, शेजारीच प्रवाळभित्ती आहे. फॅब्रिशियस नावाच्या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथलं लिहिलं. बुडबुड्यांच्या जवळ, ७.८ च्या आसपास, पोवळी आहेत, पण जातींचं वैविध्य गेलं. फांद्यांची, झुडपांसारखी नाजूक पोवळी विरळ झाली, घुमटासारखी जाडजूड पोराइट्स जातीची पोवळी उरली. माशांच्या पिल्लांना लपायला घुमट उपयोगाचा नाही, फांद्या लागतात.

दुसरी गोष्ट वाचून तर हसूच आलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फीअर २ नावाची काचेची बंद इमारत आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये तिच्यात आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली आणि दारं बंद. आत शेती, जंगल, आणि पोवळी लावलेला एक छोटा समुद्र. झालं काय, आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड चढला आणि समुद्राचा पीएच पडायला लागला. त्यांना पाण्यात सोडा-कार्बोनेट घालत बसावं लागलं. म्हणजे आमचाच हॉल, फक्त भाडं जास्त. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्याच समुद्रात लँग्डन नावाचे शास्त्रज्ञ आणि मंडळींनी मोजून दाखवलं की पाण्यात कार्बोनेट जसा कमी-जास्त होतो, तशी पोवळ्यांची चुना रचण्याची गती कमी-जास्त होते. माणसांना शेवटी दार उघडून बाहेर यायची सोय होती.

उकाड्याचा भाग मी एसीने सोडवला होता, तो समुद्रात अजून मोठा आहे. आपण जी जादा उष्णता साठवतोय त्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला साखर करून घालतं, रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एकच अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की पोवळं त्या शेवाळाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, उपाशी असतं. शास्त्रज्ञ हे तापाच्या चार्टसारखं मोजतात: किती अंश जास्त, गुणिले किती आठवडे. चार झाले की पांढरं पडायला सुरुवात, आठ झाले की मरायला. एका दिवसाचा १०१ ताप आणि आठ दिवसांचा १०१ ताप यात काय फरक असतो ते वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. जगभरची अशी मोठी साथ १९९८, २०१०, २०१४ ते १७ अशी येऊन गेली. चौथी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. २०२३ च्या सुरुवातीपासून मार्च २०२५ पर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला रंग उडवणारी उष्णता लागली. आपल्या लक्षद्वीपची पोवळीही २०२४ च्या उन्हाळ्यात पांढरी पडली. तिथे एसी लावणारं कुणी नाही, आणि एसी लावून काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईकराला काय त्याचं. मलाही वाटायचं पोवळं म्हणजे एकतर लक्षद्वीप, नाहीतर झवेरी बाजार. आईच्या बोटात मंगळाचं लाल पोवळं आहे, सोनाराने बजावलेलं, लिंबू पिळताना काढून ठेवा. तोही चुनाच. पण जानेवारीत पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटीला मी हाजी अलीच्या बाजूच्या खडकांवर उतरलो. गुडघाभर चिखल, प्लास्टिक, कालवं फोडणाऱ्या दोन बायका. टॉर्च मारत फिरताना त्यातली एक म्हणाली, "काय हरवलंय का, दादा?" खडकाच्या पोटाला तळहाताएवढी तपकिरी चकती होती, जवळून पाहिलं तर बारीक चांदण्या-चांदण्या. जिवंत पोवळं, मुंबईचं. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या काही वसाहती २०२० मध्ये उचलून कुलाब्याकडे हलवल्या होत्या, हे पेपरात वाचलेलं आठवत होतं. पण ते घरातल्या टँकच्या मापाने पाहिलं की वेगळं वाटतं. एवढ्या गढूळ पाण्यात मी एक गोगलगाय जगवू शकलो नसतो. हात लावला नाही. तुम्हीही लावू नका.

तर मीटरवर येतो. उपाय सोपा निघाला. स्किमरच्या हवेच्या तोंडाला चार मीटर सिलिकॉन नळी जोडली, एसीच्या पाइपाच्या भोकातून गॅलरीत काढली, टोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. रात्री खिडकी चार बोटं उघडी. चादर धुवायला टाकली. आठवड्यात पहाटेचं रीडिंग ७.७२ वरून ८.०२ वर आलं, संध्याकाळी दिवे चालू असताना ८.२. अधूनमधून रात्री चुन्याच्या निवळीचे थेंब सोडतो, मुलीच्या उरलेल्या बाटलीतून. दोन महिन्यांनी काचेवर नवे गुलाबी ठिपके आले. गोगलगायींच्या जुन्या खड्ड्यांचं काही झालं नाही, पण नवी कड गुळगुळीत येतेय. लाइटचं बिल थोडं वाढलं. आईचं डोकं थांबलं.

नळी लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: पावसाळ्याआधी डासांसाठी पालिकेचा धूरवाला येतो, तेव्हा नळी आधी आत ओढा. तो धूर स्किमरमधून थेट पाण्यात गेला तर मासे संपतील. आमच्याकडे खालून फटफट आवाज आला की घरातलं जो जवळ असेल तो नळीकडे धावतो. शेजारच्यांकडे बांगडे तळत असतील तर मात्र राहू द्या, माशांनी अजून तक्रार केलेली नाही.

मीटर आता तेरा महिने अखंड चालू आहे. महिन्यातून एकदा कॅलिब्रेट करतो, फरक ०.०३ च्या वर गेलेला नाही. प्रोब काढून ठेवायचा असेल तर सोबतच्या टोपीतल्या द्रावणातच बुडवा, साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात नको, काच मरते. काचेवर गुलाबी थर चढला तर (माझ्याकडे चढला, म्हणजे कौतुकच) पातळ व्हिनेगरमध्ये दोन मिनिटं. प्रोब वर्ष-दीड वर्षाने बदलावा लागतो. नवा १,२०० ला मिळतो, तो खर्च आधीच धरा.

विक्रेत्याच्या त्या मुलाला मी जूनमध्ये फोन केला होता. नाव सांगितल्यावर त्याने ओळखलं, म्हणाला, "हां, लालबागवाले पॅथॉलॉजी सर." मी सॉरी म्हटलं. त्याने विचारलं, आता किती येतोय? मी म्हटलं ८.०२. तो म्हणाला, सकाळचा? मग भारी आहे, सर. सर्व्हिसला वेगळे तारे द्यायची सोय असती तर पाच दिले असते.

एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. वायर दोनच मीटर आहे, त्यामुळे डबी टँकच्या डोक्यावरच टांगावी लागते, खारं पाणी उडतं. आणि त्याचा निळा दिवा रात्रभर लुकलुकतो, बंद करायचं बटण नाही. बायकोने त्यावर तिची मोठी मरून टिकली चिकटवली आहे. टिकली बॉक्समध्ये येत नाही, वेगळी घ्यावी लागेल.